पाट्याची पिन

ड्वेन पेल्टोचा ट्रक यार्डात शिरला तेव्हाच अर्नी किवेलाला दिसलं की गाडी पुढून डाव्या अंगाला झुकलीय. मार्च लागला होता, पण लेक सुपीरियरजवळच्या हेमलॉक गावात वसंताचा काही पत्ता नव्हता. नांगराने बाजूला लोटलेला बर्फ गॅरेजच्या खिडक्यांना टेकला होता आणि आत दिवसभर दिवे लावावे लागत होते.

ड्वेन म्हणजे अर्नीच्या धाकट्या बहिणीचा, सिल्वियाचा नवरा. जंगलातून ओंडके उचलून कागदाच्या गिरणीवर टाकायचे हा त्याचा धंदा. ट्रक अठ्ठ्याहत्तर सालचा, पहिल्यापासून त्याच्याच हातातला. पंचवीस वर्षांत त्याचं इंजिन दोनदा उघडलं गेलं, गिअरबॉक्स एकदा बदलला, आणि ती सगळी कामं अर्नीनेच केली होती.

"स्टिअरिंग डावीकडे ओढतंय," ड्वेन खाली उतरत म्हणाला. "ब्रेक मारला की जास्तच. बघ जरा. पण लवकर बघ."

अर्नीने पुढचा भाग जॅकवर घेतला, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या लावल्या आणि पाठीवर सरकत आत गेला. डाव्या पाट्याच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, पुढच्या टोकाला, जिथे पाटा पिनेवर लटकतो, तिथे त्याने पहार घालून जोर दिला. मग ग्रीसची बंदूक लावली. ग्रीस आत जाईना, पिनेच्या टोकाला असलेल्या निपलच्या बाजूने उलटं बाहेर येई. त्याने हात पुसले आणि तिथेच पडल्या पडल्या सांगितलं, "पिन पाट्याच्या आतल्या बुशमध्ये जाम झालीय. पाटा पिनेवर फिरायला हवा, तो पिनेला घेऊन ब्रॅकेटमध्ये फिरतोय. ब्रॅकेटचं भोक खाऊन अंड्यासारखं झालंय."

"म्हणजे किती दिवस?"

"पिन निघाली तर एक दिवस."

"आणि नाही निघाली तर?"

"तोच तर प्रश्न आहे," अर्नी बाहेर येत म्हणाला.

ड्वेनने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीला टेकवून ठेवलेल्या घणाकडे पाहत होता. "गॅस लाव, लाल कर आणि हाण. आजवर असंच करत आलास ना?"

"आता नाही करत."

का करत नाही ते साऱ्या हेमलॉकला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अशीच एक पिन ठोकत असताना घणाखाली धरलेल्या लोखंडी सुंब्याच्या टोकाची कपची उडाली होती. काचेवर वाफ धरते म्हणून संरक्षक चष्मा अर्नीने कपाळावर सरकवला होता. उजव्या डोळ्यात आता काचेचा डोळा होता, रंग जवळजवळ जुळणारा. समोरचा माणूस बोलताना कुठल्या डोळ्याकडे पाहावं या विचारात पडे आणि शेवटी अर्नीच्या टोपीकडे पाहून बोले.

"हे बघ," ड्वेनने आवाज खाली आणला. "दलदलीच्या पलीकडे माझं सगळं लाकूड रचून पडलंय. अख्ख्या हिवाळ्याचं. दलदल गोठलेली आहे तोवरच तिथे ट्रक जातो. एकदा का जमीन वितळून सुटली की मोठ्या रस्त्यांवर वजनबंदी लागेल आणि आतल्या रस्त्याचा तर चिखल होईल. मग ते लाकूड तिथेच. उन्हाळ्यात किडे लागून पिठासारखं होईल. मला वेळ नाहीये, अर्नी."

"मी काढतो पिन. पण घणाने नाही."

"मग कशाने? प्रार्थना करून? तू मेकॅनिक आहेस की पाद्री?"

अर्नी हसला. ड्वेनही हसला. त्या दिवशी त्यांना अजून हसू येत होतं.

दुपारी अर्नी गावातल्या हेलनच्या सुट्या भागांच्या दुकानातून पिन ढकलायचा स्क्रूचा प्रेस उसना घेऊन आला. लोखंडी चौकट, तिच्यात एक जाड आट्यांचा दांडा, पान्याने फिरवला की तो पिनेला रेटतो. हेलनने देतानाच सांगितलं होतं, "हा पिकअपसाठी आहे हं. तुझ्या त्या धुडासमोर टिकेल असं मला वाटत नाही." अर्नीलाही वाटत नव्हतं. तरी त्याने तो बसवला, आट्यांना तेल लावलं, पान्याला लांब पाइप अडकवला आणि जपून जोर देत गेला. चौकट हळूहळू फाकली. पिन तसूभरही हलली नाही. मग दांड्याच्या आट्या एकदम सपाट झाल्या आणि पान्याचा जोर हातातून नाहीसा झाला. अर्नीने तो प्रेस पुसून परत बॉक्समध्ये ठेवला आणि हेलनला नवा आणून द्यायचं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेलिफोनला चिकटून बसला. ओहायोत अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात हार्लन नावाचा म्हातारा विक्रेता होता. तो घाई करणारा नव्हता. पिन किती जाड, किती लांब, पिनेच्या टोकाला आतून आट्या आहेत का, ब्रॅकेट आणि रेडिएटरच्या पट्टीमध्ये हात जाईल एवढी जागा आहे का, असं तो एकेक विचारत गेला. अर्नी फोन खाली ठेवून ट्रकखाली जाई, मोजून परत येई.

"तुमच्याकडे चौकटीचा हायड्रॉलिक प्रेस असेल तर कालच पाठवला असता तरी चाललं असतं," अर्नी म्हणाला.

"आहे ना. पण तो तुमच्या ट्रकला बसणार नाही," हार्लन म्हणाला. "चौकट पट्टीला अडेल. मग तुम्ही ती तिरकी लावाल. तिरक्या प्रेसवर वीस टनांचा जोर म्हणजे काय होतं माहितीय? तुटलेला तुकडा भिंतीत जाऊन बसतो, नाहीतर माणसात. तुम्ही पोकळ सिलिंडरचा घ्या. ग्रीस निपल काढायचं, त्या भोकात ओढायचा दांडा पिळायचा, दांडा सिलिंडरच्या मधून बाहेर. मग पंप मारायचा. पिन ढकलायची नाही, ओढायची. सरळ रेषेत येते. ठोकाठोकी नाही, आवाज नाही."

"केव्हा मिळेल?"

"इथून आज निघाला तर आठवडा धरा."

अर्नीने तोच मागवला. आणि त्या रात्री लेक सुपीरियरवरून वादळ आलं.

वादळ सरल्यावरही रस्ते उघडायला वेळ लागला. पार्सलची गाडी विस्कॉन्सिनमध्ये कुठेतरी अडकून पडली. ट्रक घोड्यांवर उभा होता. ड्वेन रोज यायचा, कॉफी प्यायचा, ट्रकभोवती एक चक्कर मारायचा. आधी तो चेष्टा करत असे. "तुझा तो जादूचा दांडा ओहायोतून चालत येतोय वाटतं." मग चेष्टा बंद झाली. मग कॉफीसुद्धा.

एक दिवस सिल्विया आली. तिने वेलदोड्याचा गोड पाव करून आणला होता, फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट. तो टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"रेडिओवर सांगतायत, ऊन पडणार," ती म्हणाली. "शुक्रवारनंतर रात्रीसुद्धा गोठणार नाही."

"ऐकलं मी."

"तो झोपत नाही रे. उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो, थर्मामीटर बघत." तिने पावावरच्या फडक्याचं टोक ओढलं. "अर्नी, तुला खरंच नाही ठोकता येणार? एकदाच. मी काही समजून न घेता बोलत असेन तर सांग."

"ठोकलं तर निघेलच असं नाही. आणि कपची उडाली तर..."

"चष्मा लाव. हेल्मेट लाव. काय हवं ते लाव."

आपण बोलतोय ते बरोबर आहे हे अर्नीला ठाऊक होतं. कुठलाही शहाणा मेकॅनिक हेच म्हणाला असता. पण आपण शहाणपणामुळे नाही म्हणतोय की भीतीमुळे, हे त्याचं त्याला सांगता येत नव्हतं. तीन वर्षांत त्याने या प्रश्नाला हातच घातला नव्हता. सिल्वियाने पावावरचं फडकं सारखं केलं आणि ती निघून गेली.

गुरुवारी सकाळी छपरावरून पाणी ठिबकायला लागलं. ड्वेन आला तो सरळ आत. नुसता बाकावर बसला. अर्नीने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात त्याचा चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. अर्नी उठला. त्याने चष्मा चढवला, त्यावर वेल्डिंगचं तोंडझाकण घेतलं, चामडी कोट घातला. गॅस पेटवला.

ब्रॅकेट लाल व्हायला वेळ लागला. ग्रीस जळून काळा धूर झाला. अर्नीने गॅस बंद केला, लांब सुंबा चासीच्या आतून पिनेच्या टोकावर टेकवला, डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताने घण उचलला.

घण खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

सुंबा थरथरू लागला. त्याचं टोक पिनेवर टकटक वाजत होतं, दार वाजवल्यासारखं. अर्नीने घण खाली घेतला, श्वास घेतला, पुन्हा उचलला. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, धुरानेही असेल. दुसऱ्यांदाही हात खाली आला नाही. तिसऱ्यांदा तर घण उचललाच गेला नाही. लाल लोखंड काळं पडत गेलं. तो गुडघ्यावर तसाच बसून राहिला.

ड्वेन बाकावरून उठून त्याच्याजवळ आला. त्याने घण त्याच्या हातातून काढून घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. अर्नीला वाटलं, आता हा बोलणार. डोळ्याबरोबर हिंमतही गेली म्हणणार. ड्वेन म्हणाला, "असू दे. राहू दे, अर्नी."

इतक्या मऊ आवाजात तो कधी बोलला नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मी हाणू का?" ड्वेनने विचारलं.

"नको. तुला त्याची सवय नाही."

"मग घोड्या काढ. दोन दिवस चालवतो, जेवढं निघेल तेवढं काढतो. मग तुझा प्रेस आला की ट्रक तुझा."

किल्ली अर्नीच्या कोटाच्या खिशात होती. नाही म्हणायची ती वेळ होती. गाडी रस्त्यावर नेण्यासारखी नाही, ते भोक केव्हा फाटेल सांगता येत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि आता पुन्हा सांगायला हवं होतं, दारात आडवं उभं राहून. पण ज्याच्या हातून एक घाव बसला नाही त्याने दुसऱ्याला काय अडवायचं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तो शरमेने अर्धा झाला होता. त्याने किल्ली दिली.

"भार कमी घे," तो म्हणाला. "आणि नदीच्या उतारावर ब्रेकवर जाऊ नकोस. गिअरमध्ये उतर."

"हो रे बाबा," ड्वेन म्हणाला. त्याने अर्नीच्या खांद्यावर हात मारला आणि वर चढला.

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्नी एका बर्फाच्या नांगराचं पातं वेल्ड करत असताना हेलनचा फोन आला. ती म्हणाली, "नदीच्या उतारावर ट्रक रस्ता सोडून खाली गेलाय. ड्वेनचा. सिल्वियाला कोणीतरी घेऊन गेलंय. तू ये."

उतारावर एक हरीण आडवं आलं होतं. नंतर ड्वेननेच सांगितलं. त्याने ब्रेक दाबला. ब्रॅकेट फाटलं, पाट्याचं पुढचं टोक सुटलं, आणि डावं चाक मागे सरकून अडकलं. ट्रक रस्ता सोडून बांधावरून खाली गेला. तिथवर तो एवढा काही वेगात नव्हता. पण थांबला तेव्हा मागचे ओंडके पुढे आले आणि केबिनची पाठ आत घुसली. अर्नी पोचला तेव्हा अग्निशमनवाल्यांनी ड्वेनला बाहेर काढून बर्फावर फळीला बांधून ठेवलं होतं. तो शुद्धीत होता. त्याने अर्नीला ओळखलं.

"माझे बूट काढलेत का रे कोणी?" त्याने विचारलं.

बूट पायातच होते.

पार्सल सोमवारी आलं. अर्नीने सही केली, खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि त्यावर ताडपत्री टाकली. ट्रक ओढून आणून यार्डाच्या मागे लावला होता. बर्फ वितळला, यार्डात चिखल झाला, रस्त्यांवर वजनबंदीच्या पाट्या लागल्या. अर्नी इतरांची कामं करत राहिला. मागच्या दाराने जाणं त्याने सोडून दिलं होतं.

ड्वेन मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमधून घरी आला तो मेमध्ये, चाकाच्या खुर्चीत. कमरेखाली जाणीव राहिली नव्हती. अर्नीने त्यांच्या दाराशी खुर्चीसाठी लाकडी उतरण करून दिली. तो खिळे ठोकत असताना सिल्विया आतून पाहत होती. तिने कॉफी विचारली नाही. काम झाल्यावर तो आवराआवर करू लागला तेव्हा ती बाहेर आली.

"ट्रकला गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. "विस्कॉन्सिनचा माणूस आहे. केबिन त्याच्याकडे आहे दुसरी. पुढच्या पाट्यांचं काम करून हवंय त्याला. दोन्ही बाजू."

"करतो."

"ड्वेन म्हणतो, तूच कर." तिने हात दंडाभोवती घट्ट धरले होते. "मला विचारशील तर मी तो जाळला असता."

अर्नीने मान हलवली. तो गाडीकडे वळला तसं तिला आणखी काहीतरी बोलावंसं वाटलं असावं, कारण ती उतरणीवरून दोन पावलं खाली आली.

"एकाला घण मारता आला नाही आणि एकाला थांबता आलं नाही. आणि आता रोज सकाळी उचलायचं मी. तुम्ही दोघं कधी मला विचारलंत का काही? मी तुझ्या दारात येऊन विनवून गेले. तेव्हा तरी खरं सांगायचंस, की मला जमत नाही. मी त्याला घरात कोंडून ठेवलं असतं."

"मलाच माहीत नव्हतं, सिल्वी."

"हं," ती म्हणाली. "आता माहीत झालं."

डावीकडे करण्यासारखं फारसं नव्हतं. फाटलेलं ब्रॅकेट काढून नवीन बसवायचं, पाटा बदलायचा. उजवीकडची पिन मात्र तशीच जाम होती, तेवढीच जुनी, ग्रीस न घेणारी. अर्नीने ताडपत्री काढली आणि खोकं उघडलं. सिलिंडर तेलकट कागदात गुंडाळलेला होता. दांडे लहानमोठे, प्रत्येकाच्या आट्या वेगळ्या. त्याने चष्मा लावला. गाडी घोड्यांवर घेतली, पाट्यावरचा भार सुटेल इतपत अॅक्सल जॅकने उचलला, पिनेला आवळून धरणारे बोल्ट काढले. निपल काढून त्या भोकात दांडा पिळला, शेवटपर्यंत, कारण अर्ध्यावर पिळलेला दांडा आट्या ओरबाडून बाहेर येतो. सिलिंडर त्यावर सरकवला, नट लावला, सगळं सरळ आहे ना ते पट्टी धरून पाहिलं. मग पंपाची नळी जेवढी लांब तेवढा मागे जाऊन बसला आणि पंप मारू लागला.

दाबाचा काटा चढत गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ठक असा एक आवाज आला, गोठलेल्या तळ्यावर बर्फ तडकतो तसा, आणि काटा खाली पडला. अर्नीने पंप मारला तशी पिन बाहेर आली, बोट बोट करत, गंजाने तपकिरी, मध्ये जिथे ग्रीस कधी पोचलंच नव्हतं तिथे निळसर काळी. पार बाहेर येऊन ती दांड्याला लटकत राहिली.

टेबलावरची कॉफी अजून पिण्याइतकी गरम होती.

अर्नीने नवं बुश त्याच प्रेसने ओढून बसवलं, नवी पिन घातली, बोल्ट आवळले, ग्रीस भरलं. दोन्ही कडांनी ग्रीसची पातळ कड बाहेर आली. तो ती बोटाने पुसत राहिला, गरज नव्हती तरी. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू झाल्या होत्या. त्याला रडू आलं नाही. फक्त खाली बसला तो बराच वेळ उठला नाही.

विस्कॉन्सिनचा माणूस ट्रक घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ड्वेनने फोन करून बोलावलं. "सिल्वियाच्याने मला सौनात नेववत नाही," तो म्हणाला. "तीन महिने झाले, अंगाला वाफ नाही. तू ये."

अर्नी गेला. त्याने ड्वेनला खुर्चीतून उचललं आणि अंगणातल्या सौनाच्या लाकडी खोलीत नेलं. पाय किती हलके झालेत हे त्याच्या हातांना कळलं. ड्वेनला खालच्या बाकावर बसवून, भिंतीला पाठ टेकवून, पडू नये म्हणून तो शेजारी बसला. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली.

"कशी निघाली?" ड्वेनने विचारलं.

कोणती ते विचारायची गरज नव्हती. अर्नीच्या मनात आलं, सांगावं की फार त्रास दिला, दोन दिवस लागले, शेवटी कापावी लागली. मग ड्वेनला वाटेल, प्रेस वेळेवर येता तरी काही फरक पडला नसता. ते खोटं त्याच्या जिभेवर अगदी तयार होतं.

"सहज निघाली," तो म्हणाला.

घाम ड्वेनच्या कपाळावरून ओघळत भुवईशी थांबत होता आणि तो पुसत नव्हता.

"सहज म्हणजे?"

"एक ठक झालं आणि आली."

"अच्छा." ड्वेनने डोळे मिटले. "पार्सल कोणत्या दिवशी आलं होतं?"

"सोमवारी."

ड्वेनने मान हलवली, जणू कोणी हवामान सांगितलं. बाहेर सिल्विया वाळत घातलेले कपडे काढत होती, चिमट्यांचा आवाज आत येत होता. दलदलीपलीकडचं लाकूड अजून तिथेच होतं, पाण्यात निम्मं बुडालेलं. गिरणीच्या माणसाने येऊन पाहिलं आणि नको म्हणून गेला होता. अर्नीला ते ठाऊक होतं, ड्वेनलाही.

"माझ्या पायांवर टाक जरा गरम पाणी," ड्वेन म्हणाला. "मला कळत नाही, पण टाक. सिल्विया म्हणते, थंड पडतात."

अर्नीने ओगराळ्यात पाणी घेतलं, आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं, फार गरम नाही ना, आणि मग हळूहळू त्याच्या पायांवर सोडलं.